सायकलचं निर्लेखन

मंडळी, गेल्या वर्षी जून महिन्यात पंधरा दिवस आमच्या अंगणात एक सायकल उलटी उभी होती. सीट आणि हँडल जमिनीला टेकवून, दोन्ही चाकं आभाळाकडे करून. दारातून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा, एक चाक हाताने फिरवून बघायचा आणि आपलं मत देऊन पुढे जायचा.

शेजाऱ्यांचं मत, "भंगारात द्या." जावयाचं मत, "नवीन घ्या, साडेपाच-सहा हजारांत चांगली येते." आमच्या सौभाग्यवतींचं मत, "आधी ती वाटेतून हलवा, मग काय ठरवायचं ते ठरवा." भंगारवाला आला, त्याने एका हाताने सायकल उचलून अंदाज घेतला. म्हणाला, वीस किलो भरेल, पंचवीस रुपयाने पाचशे देतो. आणि चौकातल्या सायकल मिस्त्रींनी वरवर बघून दुरुस्तीचा आकडा सांगितला होता दोन हजार.

आता माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न अवघड पडायला नको होता. मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली. वस्तू दुरुस्त करायची की तिचं निर्लेखन करायचं, हेच तर माझं काम होतं. निर्लेखन म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी करणं. त्याचा एक साधा ठोकताळा आमच्याकडे होता. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यापेक्षा जास्त येत असेल तर दुरुस्ती नाही. या हिशेबाने मी पंप काढले, मोटारी काढल्या, टाइपरायटर काढले, एकदा तर एक आख्खा वजनकाटा काढला. कधी हात थरथरला नाही. इथे दोन हजार आणि सहा हजार. निम्म्याच्या कितीतरी खाली. म्हणजे ठोकताळ्याप्रमाणे दुरुस्ती. विषय संपायला हवा होता. पण तो संपला नाही, आणि का संपला नाही तेच आज सांगायचं आहे.

सायकलची ओळख करून देतो. काळी, बावीस इंची फ्रेमची, अठ्ठावीस इंची चाकांची, दांड्याची जेंट्स ॲटलास. १९८९ साली सोसायटीचं कर्ज काढून साडेआठशे रुपयांना घेतली. पहिली अकरा वर्षं तिने मला रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर नेलं. गळीत हंगामात रात्रपाळीला डायनॅमोच्या उजेडात उसाच्या बैलगाड्यांच्या मागून मी तिच्यावर गेलो आहे. पुढच्या दांड्यावर छोटी सीट बसवून मुलीला बालवाडीत सोडलं. पुढे स्कूटर आली, सायकल मागे पडली. भाजीला, दळणाला, पोस्टात, एवढंच तिचं काम उरलं. तरी ती होती. आणि स्वस्तातली सायकल असूनही तिने कधी मोठा खर्च काढला नाही.

याचं कारण आधी समजून घेतलं पाहिजे. ही सायकल मुळात इंग्लंडमधल्या जुन्या रोडस्टरच्या घडणीची. आपल्याकडे १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलासचा कारखाना निघाला, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरोचा, मद्रासला हर्क्युलस निघत होती, तिकडे आसनसोलला रॅले. नावं वेगळी, पण साध्या काळ्या सायकलीची मापं जवळजवळ एकच. टायर अठ्ठावीस गुणिले दीड, चेन अर्ध्या इंचाच्या कडीची, पेडलच्या दांड्या कॉटर पिनेने ठोकून बसवलेल्या. त्यामुळे एकीचा भाग दुसरीला चालतो. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. योगायोग असा की तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. त्या दिवशी अनेकांना वाटलं, आता या सायकलींचं काय? पण आमच्या मिस्त्रींच्या दुकानात त्याने काहीच फरक पडला नाही. कॉटर पिन, छर्रे, कोन, तारा, ब्रेकची रबरं, सगळं लुधियान्याहून येतच राहिलं. मोबाइल किंवा मिक्सर जुना झाला की त्याचे भाग मिळत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार असते. या सायकलीबाबत ती नाही.

मग ती अंगणात उलटी का उभी होती? त्याचं असं झालं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी हरिपूर रस्त्याला राहतात. त्यांची मुलगी जूनमध्ये नववीत गेली आणि शाळा सांगलीत, साधारण चार किलोमीटरवर. बस वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही आणि वडाप रिक्षाला रोज जाऊन-येऊन चाळीस रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी हजार रुपये झाले. मावशी एक दिवस हिशेब मांडत म्हणाल्या, "काका, पोरीचं शाळंत जाणं महागात पडाय लागलंय." मी तिथल्या तिथे, चहाचा कप हातात असताना, जाहीर केलं, "आमची सायकल मी दुरुस्त करून देतो. काळजी करू नका."

असं बोलून गेलं की माणसाला बरं वाटतं. मलाही दोन दिवस फार बरं वाटत होतं. सायकल माळ्याखालून बाहेर काढली, पुसली, उलटी केली. मुलगी आईबरोबर आली तेव्हा तिला दाखवली. ती म्हणाली, "छान आहे, आजोबा." तिने हात लावला नाही, चालवून बघितली नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मिस्त्रींना घरीच बोलावलं. हे मिस्त्री माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, चाळीस वर्षं याच चौकात. वडिलांचं दुकान होतं तेव्हा तासाने सायकली भाड्याने मिळायच्या. आता दुकानात अर्धी जागा दुचाकीच्या पंक्चरला दिली आहे, कारण नुसत्या सायकलवर भागत नाही. मुलगा कंपनीत आहे. "माझ्यामागं हे कोण करायचं न्हाई," असं ते अगदी सहज सांगतात.

त्यांनी काम कसं केलं ते मी बसून बघितलं. तुम्हालाही कधी उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. सर्वांत आधी त्यांनी खिशातून बारा इंची लोखंडी पट्टी काढली आणि चेनवर धरली. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. तेव्हा बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या बसल्या पाहिजेत. पट्टीचा शून्य एका पिनेवर धरला तर बाराच्या रेघेवर दुसऱ्या पिनेचा मध्य आला पाहिजे. चेन झिजली की ती लांबते. पिन रेघेच्या अर्धा सूत पुढे गेली असेल तर नुसती चेन बदलली की भागतं. एक सूत पुढे गेली असेल तर त्या चेनने मागच्या फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात. मग नवीन चेन जुन्या दातांवर बसत नाही, चढावर जोर लावला की उडी मारते. अशा वेळी चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बरोबर बदलायची. माझी पिन एक सुतापेक्षाही पुढे होती.

मग चाकं फिरवली. पुढच्याला थोडा आऊट होता, तारा ओढून निघण्यासारखा. मागच्याच्या तीन तारा गंजून तुटायला आलेल्या. चाक धरून आडवं हलवलं तर कडकड वाजलं, म्हणजे आतले कोन झिजलेले. पेडलची एक दांडी हलत होती, म्हणजे कॉटर पिन गेलेली. ब्रेकची रबरं दगडासारखी. टायर मात्र चांगले होते, दोनच वर्षांपूर्वी घातलेले. मी म्हटलं, "बघा, टायर नवीन आहेत. त्याचे सहाशे वाचले."

मिस्त्री म्हणाले, "काका, टायर-ट्यूबचं सोडा. चेन, रबरं, तारा, ह्येबी सोडा. हे सगळं झिजायसाठीच असतंय. नवी सायकल घेतली तरी तीन वर्षांनी हे करावंच लागतंय. त्याला दुरुस्ती म्हणायची न्हाई."

माझा स्टोअरचा ठोकताळा तिथे कोसळला. पंपाचं बिल आलं की आम्ही सरसकट एक आकडा धरायचो. मिस्त्रींनी त्या आकड्याचे दोन भाग केले. एक भाग झिजणाऱ्या वस्तूंचा. तो कोणत्याही सायकलीला येणारच, म्हणून नव्या-जुन्याच्या तुलनेत त्याला अर्थ नाही. दुसरा भाग टिकणाऱ्या वस्तूंचा. फ्रेम, पुढचा फोर्क, चाकांची रिम. प्रश्न फक्त त्यांचा विचारायचा. फोर्क किंवा रिम बदलता येते. म्हणजे शेवटी उरते फ्रेम. ती धड असेल तर दोन हजार काय, तीन हजारही खर्च करावेत. ती धड नसेल तर पन्नास रुपयेही घालू नयेत.

"मग फ्रेम बघा की," मी म्हटलं. अगदी विश्वासाने म्हटलं, कारण बाहेरून रंग ठीक होता. दोन वेळा तर मीच ऑइलपेंट मारला होता.

त्यांनी आधी दोरी मागितली. मागच्या चाकाची धुरी जिथे बसते तिथे दोरीचं एक टोक बांधलं, दोरी पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत मागे आणली. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंची दोरी किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजलं. दोन्हीकडे सारखं. म्हणजे फ्रेम वाकडी नाही. मला हायसं वाटलं. मग त्यांनी पान्याच्या टोकाने नळ्यांवर टकटक करायला सुरुवात केली, वरून खाली. वरचा दांडा खणखणीत वाजला. खाली उतरणारी नळी वर खणखणीत आणि खालच्या टोकाशी, पेडलचा आस जिथून आरपार जातो त्या गोल डब्याजवळ, बद्द. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द. मग माझ्याकडे बघून विचारलं, "काका, पुराच्या टायमाला ही कुठं हुती?"

मंडळी, मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.

आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ च्या पुरात आमच्या दाराच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, म्हणून २०१९ ला आम्ही खालचं सामान उचलून पलंगावर ठेवलं आणि विश्रामबागेत भावाकडे गेलो. पलंगासकट सगळं पाण्यात गेलं. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ. त्या दिवसांबद्दल फार सांगत नाही, सांगली-कोल्हापूरच्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, आईच्या हातची गोधडी गेली, पुस्तकांचा लगदा झाला. त्या सगळ्यात जिन्याला साखळीने बांधलेली सायकल जागेवर उभी होती. पाण्याच्या पाइपने धुतली, वरून तेल सोडलं, चालवून बघितली तर चालली. घरातली ती एकच वस्तू अशी होती जी धुतल्यावर पूर्वीसारखी झाली. मला त्या वेळी तिचं फार कौतुक वाटलं होतं. येईल त्याला दाखवायचो. तिला भंगारात द्यायचं मनावर येत नव्हतं त्याचं खरं कारण साडेआठशे रुपयांचं कर्ज नव्हतं की रात्रपाळी नव्हती. हे होतं.

मिस्त्रींनी सीट काढली. सीटची नळी वर काढून फ्रेम सरळ धरली आणि खालच्या डब्याच्या भोकात तार घातली. आतून काळपट तपकिरी पापुद्रे पडले. कोरडा गाळ आणि गंज. ओंजळभर. पाच वर्षांहून जास्त काळ तो गाळ नळीत बसून होता. दर पावसाळ्यात ओल धरत होता आणि आतून लोखंड खात होता. मी वरून रंग मारत होतो. मग त्यांनी पोकर घेतला, पंक्चर काढताना वापरतात तो, आणि बद्द वाजणाऱ्या जागी अंगठ्याने दाबला. फार जोर लावला नाही. रंग फुटला आणि पोकर आत गेला.

"हितनं मोडली असती," ते म्हणाले. "तुम्ही चालवताय तवर चालली असती बी वर्षभर. पोरगी गेली असती चढावर जोर लावत, मागनं डंपर."

ते एवढंच बोलले. हरिपूर रस्त्यावरून वाळूचे, मुरमाचे डंपर जाताना आपण पाहतो. मी दोन हजार रुपये घालून, चेन आणि फ्रीव्हील नवीन घालून, पुन्हा एकदा रंग मारून ती सायकल त्या मुलीला दिली असती. आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं असतं.

मी विचारलं, वेल्डिंग करून भागेल का. लोखंडी फ्रेमचा सांधा सुटला किंवा एखादी चीर गेली तर वेल्डिंग होतं आणि चांगलं टिकतं. पण जिथे पत्राच पातळ झालाय तिथे वेल्डिंग धरायला काही उरलेलं नसतं. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. हे मला माहीत होतं. कारखान्यात मी पाण्याच्या टाक्या याच कारणाने निर्लेखित केल्या होत्या. तरी विचारलं.

आता जाता जाता, नदीकाठच्या श्रोत्यांसाठी. पूर २०१९ ला आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला, पुढेही येणार. सायकल पाण्यात राहिली असेल तर नुसती बाहेरून धुऊन उपयोग नाही. सीटची नळी काढा, पेडलचा आस आणि दोन्ही चाकांचे हब उघडून घ्या, फ्रेम उलटसुलट करून आतून पाण्याने धुवा आणि उन्हात उलटी टांगून वाळवा. मग छर्रे डिझेलमध्ये धुऊन ग्रीस भरून जोडून घ्या. पूर्वी आपण हे रॉकेलने करायचो, ते आता सहज मिळत नाही. फ्रेमच्या आत थोडं तेल सोडून ती सगळीकडे फिरवा. २०१९ मध्ये या कामाला मिस्त्रींनी तीन-चारशे रुपये घेतले असते. दुरुस्ती की बदल हा प्रश्न मी २०२५ मध्ये विचारत बसलो होतो, पण त्याचं उत्तर पुरानंतरच्या महिन्यातच ठरून गेलं होतं.

तर मग नवीन घ्यायची का? मी जावयाबरोबर दुकानात गेलो. साडेपाच ते सहा हजारांत दोन तऱ्हा दिसल्या. एक म्हणजे साधी काळी किंवा लेडीज सायकल, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड सगळं असलेली. दुसरी म्हणजे जाड टायरची, पुढे शॉकॲब्सॉर्बर, अंगावर चकाकणारी अक्षरं. मुलांना दुसरी आवडते यात नवल नाही. पण माझा नातू पुण्याला असतो. त्याला २०१८ मध्ये तशीच एक स्वस्तातली गिअरची घेतली होती. तिला मडगार्ड नव्हतं, त्यामुळे पावसात पाठीवर चिखलाची रेघ. कॅरियर नव्हतं, म्हणून दप्तर पाठीवर. वर्षाच्या आत गिअर वाकला, शॉकॲब्सॉर्बर कुरकुरू लागला, आणि दुरुस्तीला नेली तर तीन दुकानांत सांगितलं की याचा भाग मिळत नाही. महागड्या सायकलीचं सोंग घेतलेली स्वस्त सायकल, याहून वाईट खरेदी नाही असं माझं मत आहे. सहा हजारांत शॉकॲब्सॉर्बर आणि गिअर दिले तर पैसे कुठेतरी वाचवावे लागतात. ते वाचतात चाकात, बेअरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये, म्हणजे नेमके जिथे वाचवायला नकोत तिथे. स्वस्त घ्यायची तर साधी घ्यावी.

साधी नवीन सायकल घेऊन देण्याची माझी तयारी होती. ते सांगायला मी मावशींकडे गेलो तर त्या अवघडल्या. जुनी सायकल घेणं वेगळं आणि सहा हजारांची नवीन घेणं वेगळं. "एवढं नको काका. फेडायचं कसं?" मी म्हटलं फेडायचं नाही, तर त्या आणखीच गप्प झाल्या. शेवटी मुलगीच बोलली. म्हणजे आईच्या मागे उभी राहून बोलली. "आजोबा, तुमची सायकल मला उंच होती."

तिची उंची चार फूट दहा इंच. बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीसचं चाक, मधे दांडा. सीट पार खाली केली तरी तिचे पाय पेडलला पुरले नसते. आणि शाळेच्या गणवेशात दांड्यावरून पाय टाकून बसायचं कसं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. माझ्या लहानपणी आम्ही दांड्याच्या मधून पाय घालून तिरके होऊन सायकल शिकलो, त्यामुळे सायकल मोठीच असते आणि मूल तिला पुरं पडतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. तिला चार किलोमीटर डंपरच्या रस्त्याने जायचं होतं. ती नको म्हणत नव्हती, कारण दिलेल्या वस्तूला नाव ठेवू नये असं घरी शिकवलेलं. मिस्त्रींच्या पोकरने फ्रेमला भोक पाडलं नसतं तर ती तशीच चवड्यांवर चालवत राहिली असती.

हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं. ते हसले आणि दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे भिंतीला टेकून एक लेडीज सायकल होती, सव्वीस इंची चाकांची. कुणीतरी मुलीचं लग्न झाल्यावर विकलेली. रंग उडालेला, टायर गेलेले, सीट फाटलेली, एका पेडलची नुसती सळई राहिलेली. माझ्या सायकलशेजारी ठेवली असती तर कुणीही माझीच चांगली म्हटली असती. त्यांनी तिची फ्रेम वाजवून दाखवली. वरपासून खालपर्यंत एकच आवाज. "ही विश्रामबागेतली आहे," ते म्हणाले. "पाणी बघितलेली न्हाई."

तिचे त्यांनी आठशे घेतले. दोन टायर, दोन ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकची रबरं, छर्रे आणि मजुरी मिळून सोळाशे. एकूण चोवीसशे. माझ्या सायकलचे टायर नवीन होते, पण ते अठ्ठावीसचे, इकडे लागू नाहीत. मी ज्यावर सहाशे रुपये वाचवले म्हणत होतो ते असे गेले. माझ्या सायकलचे फक्त चार भाग तिच्यावर चढले. दोन पेडल, घंटी आणि मागचं कॅरियर. कॅरियर मात्र उत्तम होतं, जुन्या जाड सळईचं. दप्तर आणि डबा ठेवून वर एक माणूस बसला तरी वाकायचं नाही. टायर आणि पुढचं चाक एका दूधवाल्याने मिस्त्रींकडून तीनशेला नेलं, ते पैसे बिलातून वजा झाले. मावशींनी पाचशे रुपये दिले. मी घेतले. न घेता आलो असतो तर काय झालं असतं ते मी आदल्या वेळी बघितलं होतं.

राहिलेली सायकल भंगारवाल्याने काट्यावर घातली. चाकं-टायर, कॅरियर काढल्यावर बारा किलो भरली. तीनशे रुपये. रजिस्टर नव्हतं, तरी सवयीने मी खिशातल्या डायरीत तारीख, वजन आणि रक्कम लिहून ठेवली. त्याने फ्रेम हातगाडीवर टाकली तेव्हा आतून आणखी थोडा गाळ अंगणात पडला. आमच्या हिने तो झाडून कुंडीत टाकला. म्हणाली, कृष्णेचा गाळ आहे, झाडाला चांगला.

मुलगी रोज सव्वादहाला आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. घंटी माझीच, त्यामुळे न बघताही कळतं. गेल्या महिन्यात तिच्या सायकलचा मागचा ब्रेक लागेना. मी घरातून बाहेर येऊन चौकात जाईपर्यंत ती मिस्त्रींकडे पोचली होती. त्यांनी दोन रबरं बदलली, तीस रुपये झाले. मी खिशात हात घातला तर ती म्हणाली, "आहेत माझ्याकडे," आणि दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यातून दहाच्या तीन नोटा काढून दिल्या. मग मिस्त्रींची लोखंडी पट्टी मागून घेतली, खाली बसून चेनवर धरली आणि पिन रेघेवर आहे का ते बघितलं. मिस्त्री म्हणाले, दर महिन्याला बघते.